लाल चिठ्ठीचा पिंजरा

झिपरूआबांना कोणी विचारलं, "काम काय करता?", तर ते "कॉलेजमा शे" एवढंच सांगून तंबाखू मळायला घेत. खोटं काही नव्हतं. जळगावच्या बाहेर, कापसाच्या शेतांत उभ्या असलेल्या एका फार्मसी कॉलेजात ते बावीस वर्षं नोकरीला होते. पण तिथं ते नेमकं करतात काय, हे एरंडोलजवळच्या त्यांच्या गावात बरीच वर्षं कोणालाच ठाऊक नव्हतं. भावकीचा अंदाज असा, की आबा शिपाई असतील, फार तर घंटा वाजवत असतील. मग एकदा एक पुतण्या प्रवेशाची चौकशी करायला कॉलेजात गेला आणि परत येऊन त्यानं पारावर जाहीर केलं, की आपला काका उंदीर पाळतो.

गावाला एवढं पुरलं. कोणी म्हणालं, उंदीरच सांभाळायचे होते तर पद्मालयाला जायचं, गणपतीनं तरी आशीर्वाद दिला असता. कोणी त्यांना घरी मांजर आणून देऊ का म्हणून विचारलं. आबा चिडले नाहीत. "तुम्हना घरमा बी उंदीर शेतस," ते म्हणाले, "फरक इतलाच, माले त्यास्ना पगार भेटस." विषय तिथंच मिटला.

प्राणीघर म्हणजे कॉलेजच्या मागची तीन खोल्यांची बैठी इमारत. साऱ्या कॉलेजात एसी दोनच, एक प्राचार्यांच्या केबिनमध्ये आणि दुसरा उंदरांच्या खोलीत. जळगावचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला ह्या नोकरीची किंमत वेगळी सांगायला नको. पिंजरे धुवायचे, खालचं भाताचं तूस बदलायचं, खाद्याच्या कांड्या घालायच्या, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, आजारी दिसेल त्याला वेगळं काढायचं, हे आबांचं काम. पीएच.डी. करणारी पोरं उंदीर कसा धरायचा हे पुस्तकात वाचून येत, बोट चावून घेत आणि मग आबांकडे येत. आबा मानेमागून दोन बोटांत असा अलगद धरत, की उंदराला उचलल्याचा पत्ता लागत नसे. सातवी पास माणसाच्या हाताखालून किती जण डॉक्टर होऊन गेले, देव जाणे. प्रबंधाच्या आभारात मात्र त्यांचं नाव कायम शेवटून दुसरं यायचं, टायपिंग करणाऱ्याच्या जरा आधी.

सात वर्षांपूर्वी आबांना तहान लागायला लागली. साधी नव्हे; तांब्यावर तांब्या रिचवला तरी घसा कोरडाच, आणि घटकाघटकाला लघवीला पळायचं. मधुमेही उंदरांचं हेच असतं. त्यांची बाटली दुपारच्या आत रिकामी होते आणि तूस सकाळी बदललेलं संध्याकाळी ओलं लागतं. आबांनी स्वतःचं निदान स्वतःच करून टाकलं होतं. तपासणी शिबिरात आकडा साडेतीनशेच्या वर निघाला तेव्हा दचकले ते डॉक्टर; आबा नुसते "हा, माहीत व्हतं" म्हणाले.

गोळी सुरू झाली. तीन वर्षांनी सोनोग्राफी केली तर लिव्हरवर चरबी आणि सूज. आता आमच्याकडे लिव्हर म्हटलं की दारू, ह्यापलीकडे कोणाची अक्कल जात नाही. जन्मात थेंबाला न शिवलेल्या माणसावर हा आळ आला. डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं, की साखरेच्या आजारात लिव्हरलाही चरबी चढते, त्याला दारू लागत नाही. गावानं ते ऐकून घेतलं आणि विश्वास आपल्याच म्हणण्यावर ठेवला. खुद्द इंदिराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चार दिवस आबांच्या शर्टाचा गुपचूप वास घेतला. वास उंदरांचाच आला. तेव्हापासून त्यांचा नवऱ्यावर विश्वास बसला आणि घरातला गूळ मात्र वरच्या फळीवर गेला. आबाही भेदरलेच होते. त्यांनी गोडाचं नाव टाकलं ते टाकलंच.

अशात कामिनी बैसाणे पीएच.डी.साठी प्राणीघरात आली. साक्रीची पोरगी, तिथल्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत बसून शिकलेली, बोलायला तोंडाळ आणि कामाला वाघ. वडील एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांनाही साखर, आणि त्यांच्याही लिव्हरनं आबांसारखीच रड लावलेली. म्हणूनच तिनं हा विषय घेतला होता. साखरेवरचं एक नेहमीचं औषध आणि लिव्हरसाठी वापरलं जाणारं दुसरं एक जुनं औषध, ही दोन्ही एकत्र दिली तर लिव्हरची हानी एकेकट्या औषधापेक्षा जास्त थांबते का, हे तिला उंदरांवर बघायचं होतं.

तिनं आबांना हे समजावलं तेव्हा आबा हातातलं काम ठेवून बसले. "ताई, हाई ते मनंच दुखनं शे," ते म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला नीट सांगतेय, आबा."

तीस उंदीर होते, सहा-सहाचे पाच पिंजरे. आबांना इंग्रजी अक्षरांचा त्रास नको म्हणून कामिनीनं पिंजऱ्यांना रंगीत चिठ्ठ्या लावल्या. पांढऱ्या चिठ्ठीचे निरोगी. बाकी चारही पिंजऱ्यांतल्यांना इंजेक्शन देऊन मधुमेह आणलेला. त्यात पिवळ्या चिठ्ठीला पहिलं औषध, निळीला दुसरं, हिरवीला दोन्ही. लाल चिठ्ठी उरली.

"ह्यास्ले काय?" आबांनी विचारलं.

"ह्यांना काही नाही."

"बिमारी देवानी, आनि औशद नही?"

"औषधावाचून काय होतं ते दिसल्याशिवाय औषधानं काय केलं हे कसं कळणार, आबा? आणि एक लक्षात ठेवा, बाहेरचं काही खाऊ घालायचं नाही."

आबांनी मान डोलावली. मान डोलावणं वेगळं आणि पटणं वेगळं. बावीस वर्षांत असले बिनऔषधाचे पिंजरे त्यांनी कितीतरी सांभाळले होते, पण तेव्हा त्यांना स्वतःला हा आजार नव्हता. आता लाल चिठ्ठीतले सहा जण बाटलीच्या नळीला लटकून पाणी ओढायला लागले, की आबांचा स्वतःचा घसा सुकायचा. दिवसेंदिवस ते वाळत चालले, अंगावरचे केस पिंजारले. शेजारच्या हिरव्या चिठ्ठीतले त्या मानानं बरे होते. आबा येता-जाता लाल पिंजऱ्यापाशी थांबत आणि बाटली अर्धी झाली तरी पुन्हा काठोकाठ भरत. पाण्याला बंदी नव्हती.

प्रयोगाचा पाचवा आठवडा लागला आणि श्रावणात कानबाई आली.

खानदेशात कानबाईचं काय असतं हे खानदेशातल्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरात बसवतात. तिच्या नैवेद्याला घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, गिरणी धुऊन-पुसून ते दळून आणतात. हा तिचा रोट. त्याच्या पुरणपोळ्या होतात, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होते. रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचा. परक्याला द्यायचा नाही, फेकायचा नाही, आणि राखी पौर्णिमेच्या आत पीठ संपलं पाहिजे. देवी प्रेमळ असली तरी ह्या बाबतीत फार कडक आहे.

दरवर्षी ह्याची अडचण नसे. आबांचा थोरला भाऊ, त्याची मुलं, सुना, नातवंडं असं नऊ जणांचं खटलं सुरतेहून यायचं आणि दोन दिवसांत रोटाचा फडशा पडायचा. त्या वर्षी इंदिराबाईंनी अकरा जणांच्या नावानं गहू घेतले, दळून आणले, आणि ऐन शनिवारी सुरतेचा फोन आला, की कारखान्यात कोणालाच सुट्टी नाही.

"अकरा जनस्ना गहू," इंदिराबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आनि खावाले आपले दोनच जन. त्यामा तुमले शुगर."

देवी आली, सोमवारी वाजतगाजत नदीवर गेली, आणि घरात पीठ उरलं. गावातल्या भावकीला द्यावं तर तिथं ज्याच्या त्याच्या घरी आपापला रोट संपवायचा होता. इंदिराबाईंनी कंबर कसली. सकाळ-संध्याकाळ त्या पुरणपोळी खाऊ लागल्या. पण एकट्या बाईनं किती खावं? शेवटी नाइलाजानं त्यांनी आबांच्या डब्यात रोज दोन पोळ्या ठेवायला सुरुवात केली. देवीचं आहे, बाधायचं नाही, असं त्या नवऱ्याला आणि स्वतःला सांगत होत्या.

आबांची पंचाईत बघा. पोळी खावी तर लिव्हर, टाकावी तर कानबाई. कॉलेजातल्या कोणाला द्यावी तर तो परका. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं उंदीर धरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं झालं. मंगळवारी दुपारी डबा उघडून ते लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसले होते. तुपाचा वास गेला तसे ते सहा जण गजांपाशी येऊन उभे राहिले, नाकं हलवत. आणि आबांच्या मनात आलं, की दोन वर्षांच्या लेकरागत ज्यांची हगमूत आपण काढतो, ज्यांना रोज दाणापाणी घालतो, ते परके कसे?

बाहेरचं घालायचं नाही हे त्यांना आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण त्यांनी त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. आपल्याकडे वैद्य असो, डॉक्टर असो, औषध देतो आणि त्याच्याबरोबर पथ्य सांगतो. औषध सुरू आहे तोवर आंबट नको, गोड नको. पिवळ्या, निळ्या, हिरव्या चिठ्ठीला औषध होतं, तेव्हा त्यांना पथ्य असणारच. पांढऱ्यांना तर काही दुखतच नव्हतं, त्यांची कीव करायचं कारण नाही. पण ज्याला औषधच नाही, त्याला पथ्य कसलं? ह्या लालवाल्यांकडून कोणाला काही बघायचंच नाही, मग त्यांचं बिघडणार तरी काय?

असा हिशोब करून आबांनी दोन्ही पोळ्या कुसकरल्या आणि सहा जणांना वाटून घातल्या. त्यांनी चट्टामट्टा केला. रोज तेच, आठ दिवस, पौर्णिमेपर्यंत. देवीचा रोट घरच्यांनीच संपवला ह्याचं आबांना मनापासून समाधान वाटलं. इंदिराबाई रोज रिकामा डबा बघून काळजी करत, आणि आबा काही बोलत नसत.

श्रावण संपला, आणि भाद्रपदात प्रयोगही संपला. तिसांच्या तीस उंदरांचं रक्त घेतलं गेलं, लिव्हर काढून तपासायला गेली, आणि उरलेलं पिवळ्या पिशवीतून जाळायला गेलं. आबांनी दरवेळेसारखे त्या पिशवीला हात जोडले. दिवाळीनंतर कामिनीनं विभागापुढे निकाल मांडला. तिनं मुद्दाम आबांनाही बोलावलं आणि मागच्या खुर्चीवर बसवलं.

पडद्यावर लिव्हरची हानी दाखवणाऱ्या रंगीत काठ्या उभ्या होत्या. रंग तिनं चिठ्ठ्यांचेच ठेवले होते, त्यामुळे आबांना सगळं कळत होतं. लाल काठी उंच, पिवळी-निळी त्याहून कमी, आणि दोन्ही औषधांची हिरवी काठी पार खाली, पांढरीच्या जवळ. "ह्या लाल आणि हिरव्या काठीमधलं अंतर," कामिनी म्हणाली, "म्हणजे माझं सगळं काम." तिचे मार्गदर्शक प्रेमराज सर खुर्चीत पुढे झुकले होते. इतका स्वच्छ फरक आपण वीस वर्षांत पाहिला नाही, असं ते शेजारच्यांना म्हणाले. आबांची छाती फुगली.

मग आठवड्यांवार साखरेचा तक्ता आला. चार आठवडे लाल रेघ सरळ चढत होती आणि पाचव्या आठवड्यात तिनं एकदम उडी मारली होती. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी तिकडे बोट केलं. "इथं काय झालं?"

"आजार वाढत जातो, सर," कामिनी म्हणाली. "औषध नसल्यावर असं होणारच."

पाचवा आठवडा. आबांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. लालवाल्यांकडून कोणाला काही बघायचं नाही, असं ते धरून बसले होते, आणि इथं सगळे जण त्या लालकडेच बघत होते. औषधांनी किती काम केलं हे त्या काठीवरून मापलं जात होतं, आणि ती काठी उंच करण्यात कानबाईच्या पोळ्यांचा किती हात होता, हे एकालाही ठाऊक नव्हतं. टाळ्या वाजल्या. आबांनीही वाजवल्या.

त्यांनी लगेच सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं आणि तुम्हालाही. पण सांगणं सोपं असतं तर जगात वकील उपाशी मेले असते. तीन आठवडे आबा मूग गिळून बसले. आपणच आपल्याला समजावत राहिले, की मूठभर पोळीनं असा काय फरक पडतो. आणि समजूत पटली की पुन्हा ती लाल रेघ उडी मारायची. नोकरीची भीती होती. त्याहून मोठी भीती कामिनीच्या तोंडाची होती. तिकडे तिचा शोधनिबंध छापायला पाठवायची तयारी चालली होती.

एका शुक्रवारी ती प्राणीघरात आली आणि आबांच्या हातात चार कागद ठेवले.

"आबा, हे तुमच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही औषधं एकत्र चालतील का विचारा. मी परवा पप्पांना धुळ्याला घेऊन जातेय. त्यांचे डॉक्टर ओळखीचे आहेत, हे बघितल्यावर दुसरी गोळी सुरू करतील. सरांना बोलू नका हं, ते रागावतील. पण एवढा फरक दिसल्यावर मी थांबू कशी?"

आबा कागद घेऊन घरी आले. जेवले नाहीत. इंदिराबाईंनी दोनदा विचारल्यावर त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

इंदिराबाईंना आधी वेगळाच धक्का बसला. "कानबाईना रोट उंदीरस्ले? काय करी बठनात तुम्ही!" त्यांनी दोन्ही हातांनी गाल थोपटून घेतले. मग बाकीचं त्यांच्या ध्यानात आलं. "कोन्ले समजनार शे? बोलानंच नही. पोरना चार वरीस वाया जातीन, आनि तुम्हनी नोकरी जाई ती येगळीच."

"तिना बाप बिमार शे," आबा म्हणाले. "परवदिन त्याले दवाखानामा लई जाई ऱ्हायनी. हाऊ कागद दखाडाले."

"कागद खोटा शे?"

"बठ्ठा खोटा नही. पन कितला खोटा, हाई माले बी माहीत नही. आनि तिले ते काहीच माहीत नही."

इंदिराबाईंनी आबांचं झाकलेलं ताट पुढे सरकवलं. ह्या बाईनं कामिनीच्या बापाला कधी बघितलं नव्हतं. पण आजारी नवऱ्याच्या ताटात काय पडतं ह्यावर डोळा ठेवण्यात तिची सात वर्षं गेली होती. "मंग सांगी टाका," त्या म्हणाल्या. "सकायमाच सांगा. आनि आते दोन घास खाई ल्या."

शनिवारी सकाळी कामिनी आली तेव्हा आबा दारातच उभे होते. "ताई, माले एक सांगनं शे," ते म्हणाले आणि उभ्याउभ्याच सांगून मोकळे झाले. मध्ये थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं.

कामिनी खाली स्टुलावर बसली. तिनं पर्समधून पेन काढलं.

"रोज किती?"

"दोन पोया. सहास्मा मिळीसन."

"किती दिवस?"

"आठ."

"दुसऱ्या कोणत्या पिंजऱ्याला?"

"नही. त्यास्ले औशद चालू व्हतं ना. औशदले पथ्य ऱ्हास. ह्यास्ले औशद नही, मंग पथ्य कशानं?"

ती लिहिता लिहिता थांबली. आबांच्या तोंडाकडे तिनं असं बघितलं, की आबांनी नजर खाली घातली. तिला राग आला होता, आणि ह्या म्हाताऱ्याचं म्हणणं त्याच्या जागी किती सरळ आहे हे कळत होतं म्हणून तो राग काढताही येत नव्हता.

"आबा, तुम्ही त्याच दिवशी मला का नाही सांगितलं?"

"त्या दिवशी माले चूक शे हाईच माहीत नव्हतं. नंतर माहीत पडनं, तवय भ्यायनू."

तिनं ते चार कागद परत मागितले. आबांनी खिशातून काढून दिले. ते घेऊन ती निघून गेली.

चार दिवसांनी प्रेमराज सरांनी आबांना केबिनमध्ये बोलावलं. कामिनी तिथंच होती, डोळे सुजलेले. सर वाईट माणूस नव्हते, पण दमलेले होते. "आठ दिवसांच्या पोळ्यांनी एवढं काही बिघडलं नसेल," ते म्हणाले. "फरक तसाही दिसलाच असता."

"नसेल आणि असता," कामिनी म्हणाली. "हे शब्द मी निबंधात कुठं घालू, सर? रविवारी पप्पांना नुसतं तपासून आणलं. कागद बॅगेतच ठेवले. माझ्याच बापाला जे दाखवायला माझा हात धजला नाही, ते मी छापू कसं?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग त्यांनी कपाटातून अर्जाचा नमुना काढला. प्रयोग पहिल्यापासून पुन्हा करायचा तर कॉलेजच्या प्राणी समितीची परवानगी लागत होती, आणि जास्तीचे उंदीर कशाला, ह्याचं लेखी कारण. सर "तांत्रिक अडचण" लिहायला लागले तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले. "मनं नाव लिखा, सर. पोया मी दिध्यात. ताईनी चूक शे असं कोन्ले वाटाले नको." सरांनी त्यांच्याकडे बघितलं, लिहिलेलं खोडलं आणि झालं होतं तसं लिहिलं. नोकरी गेली नाही. एक लेखी समज मिळाली, आणि ती आबांनी घडी करून घरी नेली.

केबिनबाहेर आल्यावर आबांनी कामिनीला विचारलं, "लाल चिठ्ठीना सहाच पुन्हा लागतीन ना?"

"नाही, आबा. एकच गट वेगळ्या वेळी करून चालत नाही. तीसच्या तीस लागतील."

आबा व्हरांड्यातच उभे राहिले. नोकरी, कामिनीची वर्षं, तिचा बाप, सगळ्याचा विचार त्यांनी करून झाला होता. हा मात्र मनातच आला नव्हता. सहा जिवांची कीव आली म्हणून त्यांनी पोळी घातली, आणि त्या पोळीपायी आता आणखी चोवीस जणांना तोच आजार दिला जाणार होता, तिसांची पिवळी पिशवी पुन्हा भरणार होती. कॉलेजात ज्यांना उंदीर म्हणजे आकडा वाटतो त्यांनी असं काही केलं नसतं. हे ज्याला माया होती त्याच्या हातून झालं.

समितीनं परवानगी दिली. सरांनी आबांना भांडारात बदली देऊ केली, चांगल्या मनानंच. आबा नाही म्हणाले. "मीच करसू," एवढंच. माघात नवे तीस उंदीर आले. इंजेक्शनं झाली, चिठ्ठ्या लागल्या. लाल चिठ्ठी आबांनी स्वतः अडकवली.

तेच आठ आठवडे पुन्हा आले. तीच तहान, तेच ओलं तूस, तेच पिंजारलेले केस. आबा जवळ गेले की लालवाले गजांपाशी येत, कारण उंदीर ओळखतात. आबांनी डबा प्राणीघरात न्यायचं बंद केलं. पोरं बाहेर झाडाखाली जेवत, तिथं ते जाऊन बसू लागले. आत असले की पाण्याच्या बाटल्या भरत, तूस दोनदाच्या जागी तीनदा बदलत, आणि लाल पिंजऱ्यासमोर त्यांना उभं राहवत नसे तरी ते उभे राहत. जे करायला परवानगी होती तेवढंच त्यांनी केलं, त्यापलीकडे बोटही लावलं नाही. बावीस वर्षांत इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

जूनमध्ये निकाल हातात आला. कामिनी प्रयोगशाळेतून थेट प्राणीघरात आली. आबा मोरीवर रिकामे पिंजरे मांडून बसले होते.

"आबा, फरक आहे," ती म्हणाली. "आधी दिसला होता त्याच्या निम्मा. पण आहे. दोन्ही औषधं मिळून एकेकट्यापेक्षा बरं काम करतात. उंदरांत तरी."

"आनि मानूसस्मा?"

"ते अजून कोणाला सांगता येणार नाही. त्याला बरीच वर्षं लागतील."

"मंग मना गोया?"

"डॉक्टरांनी दिल्यात त्याच. पप्पांच्याही त्याच."

आबांनी मान हलवली. हे त्यांना पटलं होतं. पोरीचं काम मार्गी लागलं म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि तसं त्यांनी तिला म्हटलंही. मग हातातला पिंजरा खाली ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, पह्यला तीस ते मंग कसाकरता मरनात?"

कामिनीला काहीतरी बरं बोलता आलं असतं. त्यांच्यामुळे आपण सावध झालो, त्यांचाही उपयोग झालाच, असं चार माणसं म्हणतात तसं. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण ह्या माणसानं आपल्याला खरं सांगितलं होतं, हे तिला आठवलं.

"ते वाया गेले, आबा," ती म्हणाली.

"हा," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग त्यांनी नळ सोडला आणि पुढचा पिंजरा धुवायला घेतला. कामिनीनं पर्स खुंटीला अडकवली, बाह्या वर केल्या आणि ती त्यांच्या शेजारी ब्रश घेऊन बसली.